गेलेलं पाणी परत येतं

२०२२च्या ऑगस्टअखेरीस कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात लेक मेरिटच्या काठाला मेलेल्या माशांचा खच पडला. लेक मेरिट नावापुरतंच तळं. एका अरुंद पाटाने ते ओकलंडच्या खाडीला आणि खाडीतून सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराला जोडलेलं आहे, त्यामुळे त्यातही भरती-ओहोटी होते. काठाच्या दगडांत बोटभर मासे अडकले होते, त्यांच्या मधेमधे पट्टेरी बास आणि पाकटं उलटी पडली होती. पाणी कडक चहाच्या रंगाचं झालं होतं. पुढच्या काही दिवसांत उपसागराच्या किनाऱ्यांवर आठशेहून अधिक मेलेले स्टर्जन मोजले गेले. स्टर्जन हा सावकाश वाढणारा मासा, त्याची एक जात शंभरीसुद्धा गाठू शकते. म्हणजे त्या आठवड्यात जे मेलं ते भरून यायला माणसाचं एक आयुष्य लागेल.

मारेकरी होतं एकपेशीय शैवाल, हेटेरोसिग्मा अकाशिवो. जुलैच्या अखेरीस ते अलामेडा बेटाच्या आसपास पहिल्यांदा दिसलं आणि महिनाभरात दक्षिणेकडच्या भागापासून उत्तरेच्या सॅन पाब्लो उपसागरापर्यंत पसरलं. त्याचं खाद्य तिथे भरपूर होतं. उपसागराभोवतीची सुमारे चाळीस सांडपाणी केंद्रं प्रक्रिया केलेलं पाणी त्यात सोडतात आणि त्या पाण्यात नायट्रोजन असतो. पण खाद्य तर कित्येक वर्षं होतंच. खाद्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न असतो तो मुक्कामाचा: एखाद्या ठिकाणचं पाणी तिथे किती दिवस राहतं?

सॅन फ्रान्सिस्कोचा उपसागर म्हणजे बंदिस्त डबकं नव्हे. गोल्डन गेटच्या खिंडीतून पॅसिफिकचं पाणी दिवसातून दोनदा आत येतं, दोनदा बाहेर पडतं. खिंडीची रुंदी चिंचोळ्या जागी दीडेक किलोमीटर आणि खोली शंभर मीटरांहून जास्त. एका भरतीत जे पाणी आत येतं ते उपसागरातल्या एकूण पाण्याच्या साधारण एक चतुर्थांश असतं. या येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्याला अभ्यासक टायडल प्रिझम म्हणतात. मग हिशेब सोपा वाटतो. चार भरत्या, म्हणजे दोन दिवस, की सगळा उपसागर नवा. दोन दिवसांत पाणी बदलत असेल तर शैवालाला महिनाभर वाढायला सवड मिळालीच कशी?

या हिशेबात तीन ठिकाणी पाणी मुरतं.

पहिलं ठिकाण निव्वळ गणिताचं आहे. भरतीबरोबर नवं पाणी आलं आणि आतल्या पाण्यात पूर्ण मिसळलं असं धरू. ओहोटीला जे बाहेर जातं त्यात जुन्याबरोबर थोडं नवंही असतं. म्हणून पहिल्या भरतीनंतर जुनं पाणी ७५ टक्के उरतं, दुसऱ्यानंतर ५६, तिसऱ्यानंतर ४२ आणि चौथ्यानंतर ३२. सगळं मनासारखं घडलं तरी ‘दोन दिवसांत बदललेल्या’ उपसागरात जवळजवळ एक तृतीयांश पाणी जुनंच असतं. ते दहा टक्क्यांवर यायला आठ भरत्या लागतात. एखाद्या अहवालात ‘पाणी बदलण्याचा काळ अमुक दिवस’ असं लिहिलेलं असतं तेव्हा त्याचा अर्थ बहुधा असा असतो की, तेवढ्या दिवसांनी मूळ पाण्यापैकी सुमारे ३७ टक्के अजून जागेवर आहे. गणितात घातांकी घट मोजताना हा आकडा सोयीचा पडतो. वाचणाऱ्याला मात्र वाटतं की, सगळं पाणी गेलं.

दुसरं ठिकाण म्हणजे ‘पूर्ण मिसळलं’ हे गृहीतक. गोल्डन गेटपासून सॅन होजेकडच्या टोकापर्यंत उपसागराची लांबी पन्नास किलोमीटरांहून जास्त आहे. एका भरतीत पाण्याचा एखादा थेंब खोल प्रवाहातून फार तर दहा-बारा किलोमीटर आत सरकतो आणि ओहोटीला जवळपास तेवढाच मागे येतो. दक्षिण टोकाच्या पाण्याने पॅसिफिकचं तोंडसुद्धा पाहिलेलं नसतं. तिथे भरतीला पातळी चढते, कारण शेजारचं पाणी आत ढकललं जातं, आणि ते शेजारचं पाणीही उपसागराचंच असतं. पातळीचं चढणं-उतरणं आणि पाण्याचं बदलणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. किनाऱ्यावर उभं राहून बघणाऱ्याला फक्त पहिली दिसते.

तिसरं ठिकाण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. ओहोटीला बाहेर गेलेलं पाणी सहा तासांनी तोंडाशीच घुटमळत असेल, तर पुढची भरती तेच पाणी उचलून पुन्हा आत आणते. हेन्री स्टॉमेल आणि हार्लो फार्मर या अमेरिकी अभ्यासकांनी १९५२च्या सुमारास याचं एक सुंदर चित्र मांडलं. अरुंद तोंडातून ओहोटीचं पाणी झोतासारखं सरळ समुद्रात दूरवर घुसतं. भरतीच्या वेळी मात्र पाणी तोंडाभोवतीच्या अर्धवर्तुळातून, सगळ्या बाजूंनी, सावकाश ओढलं जातं. जाणारा झोत लांब गेला असेल तर येणारं पाणी बरंचसं ताजं असतं. बाहेर किनाऱ्याला समांतर प्रवाह असेल तर तो गेलेलं पाणी बाजूला नेतो आणि सुटका होते. तसा प्रवाह नसेल, तोंड रुंद आणि ओहोटी मंद असेल, तर गेलेल्या पाण्यातला निम्मा किंवा त्याहून मोठा वाटा परत येऊ शकतो. परतीचा वाटा निम्मा धरला की पाणी बदलण्याचा काळ दुप्पट होतो. तो नव्वद टक्के धरला की दसपट. लहान खाड्यांचे अंदाज बांधताना हाच एक गुणक सगळ्यात जास्त घोळ घालतो आणि नेमका तोच मोजायला सगळ्यात कठीण असतो.

तो थेट मोजणं कठीण, म्हणून अभ्यासकांनी निसर्गाने आधीच पाण्यात टाकून ठेवलेल्या खुणेचा आधार घेतला. ती खूण म्हणजे मीठ. डेन्मार्कच्या मार्टिन क्नुडसेन यांनी १९०० साली मांडलेला मिठाचा ताळेबंद आजही वापरात आहे. खुल्या समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. एखाद्या खाडीत ते सरासरी २८ ग्रॅम भरलं, तर त्या पाण्याचा पाचवा हिस्सा नदीचा आहे. आता अशी खाडी कल्पू की, जिच्यात ६ कोटी घनमीटर पाणी आहे आणि नदी तिच्यात सेकंदाला २० घनमीटर पाणी ओतते. खाडीत गोडं पाणी झालं १ कोटी २० लाख घनमीटर. ते नदीने ओतायला लागले सहा लाख सेकंद, म्हणजे सुमारे सात दिवस. पातळी स्थिर आहे, खारेपणाही स्थिर आहे, तर जेवढं गोडं पाणी येतं तेवढंच बाहेर जातंय. म्हणून नदीच्या पाण्याचा या खाडीतला सरासरी मुक्काम सात दिवसांचा. याच खाडीत दर भरतीला एक चतुर्थांश पाणी येत असेल तर आधीचा हिशेब दोन दिवस सांगेल. दोन आणि सात यांच्यात जी तफावत आहे, तिच्यातच अर्धवट मिसळणं आणि परत येणं या दोन्ही गोष्टी सामावलेल्या आहेत. आणि हे सगळं कळायला लागतं काय, तर होडी, बाटल्या आणि क्षारमापक.

वुड्स होल संस्थेतल्या बॉस्टविक केचम यांनी १९५१ साली भरतीच्या हिशेबाची दुरुस्ती सुचवली. खाडी एकसंध धरू नका, तिचे तुकडे पाडा, आणि प्रत्येक तुकडा एका भरतीत पाणी जेवढं सरकतं तेवढ्या लांबीचा असू द्या. भरतीच्या वेळी पाणी त्या तुकड्यापुरतंच मिसळेल, मग एका तुकड्यातून दुसऱ्यात जाईल. न्यू जर्सीतल्या रॅरिटन नदीच्या खाडीवर त्यांनी ही रीत पडताळून पाहिली. कागद-पेन्सिलीने करता येणारी ही रीत अभियंत्यांनी पुढे पुष्कळ वर्षं वापरली. तरी तिच्यात उथळ चिखलपाट्या, वळणं, खोल प्रवाहाच्या बाजूला साचून राहणारं पाणी यांना जागा नव्हती. त्यासाठी प्रत्यक्ष आकार हवा होता.

तो आकार उपसागराकाठच्या सॉसालिटो गावातल्या, दुसऱ्या महायुद्धात जहाजं बांधणाऱ्या आवारातल्या एका गोदामात घडला, आणि निमित्त झालं जॉन रेबर नावाच्या नाटकवाल्याचं. रेबर नाट्यप्रयोग बसवणारा माणूस. १९४०च्या दशकात त्याने उपसागराच्या कायापालटाची भव्य योजना मांडली. उत्तरेला आणि दक्षिणेला असे दोन बांध आडवे घालायचे, आत गोड्या पाण्याची दोन प्रचंड सरोवरं करायची, बांधांवरून रस्ते आणि रेल्वे न्यायच्या, हजारो एकर नवी जमीन काढायची. योजनेला पाठिंबा बराच मिळाला. बांध घातल्यावर पाण्याचं काय होईल हे छातीठोकपणे कोणालाच सांगता येत नव्हतं. तेव्हा अमेरिकी लष्कराच्या अभियांत्रिकी दलाने १९५६-५७ साली उपसागराची सिमेंटची प्रतिकृती बांधली. ती आजही तिथे आहे आणि लोकांना पाहता येते.

आडव्या मापात ती हजारपट लहान आहे, उभ्या मापात मात्र शंभरपटच. ही विसंगती मुद्दाम ठेवलेली आहे. उपसागराचा मोठा भाग इतका उथळ आहे की, हजारपट लहान केल्यावर तीन मीटरचं पाणी तीन मिलिमीटरची ओल ठरली असती, आणि एवढ्या पातळ थरात पाणी पृष्ठताणाच्या हुकमाने वागतं, गुरुत्वाच्या नाही. म्हणून खोली दसपट फुगवली. खोली फुगवल्यावर उतार तीव्र झाले, पाणी वाजवीपेक्षा जोरात धावू लागलं. त्याला आवर घालायला तळात तांब्याच्या सुमारे अडीच लाख पट्ट्या उभ्या रोवल्या. लाटेचा वेग खोलीच्या वर्गमुळावर ठरतो. खोली शंभरपट कमी झाल्यामुळे वेग दसपट कमी झाला. अंतर हजारपट कमी आणि वेग दसपट कमी, म्हणजे वेळ शंभरपट आखूड. चंद्राचा दिवस २४ तास ५० मिनिटांचा, तो या गोदामात १४.९ मिनिटांत उरकतो. संशोधन चालू होतं तेव्हा एका टोकाला यंत्र भरती-ओहोटी घडवायचं, नद्यांच्या मुखातून गोडं पाणी सोडायचे, ‘पॅसिफिक’मध्ये खरं मीठ कालवलेलं असायचं. रंग टाकला की तो कुठे पसरतो, कुठे रेंगाळतो हे डोळ्यांनी दिसायचं.

प्रयोग करण्याआधी तिथल्या माणसांनी पट्ट्या वाकवत, काढत, पुन्हा रोवत प्रतिकृतीतल्या पाण्याची पातळी, वेग आणि खारेपणा खऱ्या उपसागरातल्या मोजमापांशी जुळवून घेतला. मगच बांध घालून पाहिले. १९६३च्या अहवालाने रेबरची योजना व्यवहार्य नाही असा निकाल दिला. रेबर तीन वर्षं आधीच गेला होता. उपसागर आज उपसागर राहिला याचं मोठं श्रेय या गोदामाला जातं, असं मी मानतो. एखाद्या आकर्षक कल्पनेला कागदावरच्या युक्तिवादाने थोपवणं अवघड असतं. तांब्याच्या पट्ट्यांमधून पाणी कसं वाहतं हे समोर दिसल्यावर वाद करायला जागा उरत नाही.

प्रतिकृतीला मर्यादा होत्याच. तिच्यावर वारा वाहत नव्हता, ऊन तापत नव्हतं. खऱ्या उथळ पाण्यात उन्हाळी दुपारचा वारा मिसळणीचं बरंच काम करतो आणि उन्हाने तापलेला वरचा थर ते काम बंदही पाडतो. २००० सालापर्यंत तिथे संशोधन चाललं, मग ते संगणकाकडे गेलं.

संगणकात उपसागराचे हजारो लहान चौकोन किंवा त्रिकोण पाडतात, खोलीचेही थर करतात, आणि प्रत्येक घरासाठी पाण्याच्या हालचालीची समीकरणं काही सेकंद ते काही मिनिटांच्या टप्प्यांनी सोडवत जातात. पाणी बदलण्याचा वेग काढायच्या दोन रीती आहेत. एका रीतीत उपसागरातल्या सगळ्या पाण्यात काल्पनिक रंग कालवतात, समुद्र स्वच्छ ठेवतात आणि प्रत्येक घरातला रंग किती दिवसांत किती उतरतो ते पाहतात. दुसऱ्या रीतीत लाखभर काल्पनिक कण सोडतात आणि प्रत्येक कण केव्हा बाहेर पडतो याची नोंद ठेवतात. दोन्ही रीतींत उत्तर म्हणून एक आकडा येत नाही, नकाशा येतो. तोंडाजवळची घरं काही तासांची, कोपऱ्यातली कित्येक दिवसांची.

नकाशाऐवजी एक आकडा वापरला की काय होतं, हे याच पाण्याच्या वरच्या अंगाला, सॅक्रामेंटो आणि सॅन वाकीन नद्यांच्या त्रिभुज प्रदेशात स्पष्ट झालं. तिथली शेतं मातीच्या बांधांमागे, समुद्रसपाटीच्याही खाली आहेत, कारण कुजलेल्या वनस्पतींची तिथली जमीन नांगरटीनंतर हवेने झिजून खचत गेली. १९८३ साली मिल्ड्रेड बेटाचा बांध फुटला आणि सुमारे चार चौरस किलोमीटरचं शेत कायमचं तळं बनलं. २००२ साली नॅन्सी मॉन्सेन, जेम्स क्लोर्न, लिसा लुकास आणि स्टीफन मॉनिस्मिथ यांनी या तळ्यासाठी पाणी बदलण्याचा काळ वेगवेगळ्या प्रचलित व्याख्यांनी काढला. एकूण पाणी भागिले प्रवाह, ही एक व्याख्या. एखाद्या जागेवरचा थेंब बाहेर पडायला अजून किती वेळ घेईल, म्हणजे मुक्काम, ही दुसरी. तो थेंब आत येऊन किती वेळ झाला, म्हणजे वय, ही तिसरी. तळं एकच, हवामान एकच, तरी उत्तरं वेगवेगळी आली. शिवाय एकाच व्याख्येतही तळ्याच्या उत्तरेच्या मोठ्या भगदाडापाशी आणि दक्षिणेच्या कोपऱ्यात जमीन-अस्मानाचा फरक निघाला. भरतीच्या कोणत्या क्षणी कण सोडला यावरही उत्तर हललं. त्यांचं म्हणणं साधं होतं: आकडा लिहिताना तो कशाचा, कुठला आणि कोणत्या गृहीतकावरचा हे लिहा. आजही कित्येक अहवाल एवढंसुद्धा पाळत नाहीत, आणि त्यांच्या आधारावर सांडपाण्याच्या वाहिन्या टाकल्या जातात.

गेलेल्या पाण्याच्या परतीचा प्रश्न संगणकातही सुटत नाही, फक्त तो उघडा पडतो. कण खाडीच्या तोंडावरची रेषा ओलांडून गेला की त्याला ‘गेला’ म्हणून वगळायचं, की परत आला तर पुन्हा मोजायचं? बेल्जियम आणि नेदरलँड्समधून वाहणाऱ्या शेल्ड नदीच्या खाडीवर एरिक डेलेर्स्नायडर यांच्या गटाने दोन्ही काळ वेगळे मोजले. पहिल्यांदा बाहेर पडेपर्यंतचा काळ हा मुक्काम, आणि परत येण्यांसकट खाडीत घालवलेला एकूण काळ हा सहवास. खाडीच्या तोंडाजवळ हे दोन्ही आकडे सर्वांत जास्त फाकतात. तिथला थेंब काही तासांत बाहेर जातो, मात्र पुन्हा पुन्हा येत राहतो. वाहिनी तोंडाजवळ सोडली म्हणजे घाण ‘समुद्रात गेली’ असं मानणाऱ्यांनी हा दुसरा आकडा जरूर मागावा.

आता शैवालाकडे. ते दिवसाला दुप्पट होतं असं धरू. सात दिवसांत १२८ पट, चौदा दिवसांत सोळा हजार पट. पाण्याचा मुक्काम दीड दिवसाहून कमी असेल तर वाढ होण्याआधीच ते वाहून जातं. मुक्काम दीड दिवसाच्या वर गेला की पारडं झुकतं. मिल्ड्रेड तळ्याच्या दक्षिण कोपऱ्यात शैवाल दाट असतं ते याचमुळे. अलामेडा आणि ओकलंड यांच्यामधल्या अरुंद खाडीसारख्या आडोशाच्या जागीही पाण्याला वेळ मिळतो. दक्षिण उपसागरात हिवाळ्यात पूर आले की हलकं गोडं पाणी वरून बाहेर आणि जड खारं पाणी तळाने आत, अशी देवघेव सुरू होऊन पाणी काही आठवड्यांत बदलतं. उन्हाळ्यात नद्या आटतात आणि तेच पाणी महिनोन्महिने राहतं. तेव्हा त्या भागात येणारं गोडं पाणी म्हणजे मुख्यतः शहरांचं शुद्ध केलेलं सांडपाणी. खाद्य सर्वांत घट्ट आणि मुक्काम सर्वांत लांब, हे दोन्ही एकाच मोसमात जुळून येतं.

मग दर उन्हाळ्यात मासे का मेले नाहीत? कारण मुक्काम लांब झाला की फक्त वाढीला वेळ मिळतो असं नाही, खाणाऱ्यालाही मिळतो. जेम्स क्लोर्न यांनी १९८२ सालीच दाखवून दिलं होतं की, दक्षिण उपसागराच्या तळातले शिंपले पाणी गाळून शैवाल खातात, आणि पाणी उथळ असल्यामुळे ते सगळाच उपसागर गाळून काढू शकतात. १९८६ साली आशियातून आलेला एक छोटा शिंपला उत्तरेच्या सुइसून उपसागरात सापडला आणि पुढच्याच वर्षापासून तिथला उन्हाळी शैवालाचा बहर जवळपास नाहीसा झाला. पाणी तेच, मुक्काम तोच, परिणाम उलटा. मिल्ड्रेडपासून जवळच्या फ्रँक्स ट्रॅक्ट या बुडालेल्या शेतात गोड्या पाण्यातले शिंपले भरपूर आहेत, म्हणून तिथे शैवाल टिकत नाही आणि मिल्ड्रेडमध्ये फोफावतं. लुकास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर हे सूत्रात बसवलं: वाढीचा वेग खाण्याच्या वेगापेक्षा जास्त असेल तर लांब मुक्काम शैवाल वाढवतो, कमी असेल तर लांब मुक्काम ते संपवतो. म्हणून ‘पाणी लवकर बदललं की चांगलं’ हे विधान सुटं सांगण्यात अर्थ नाही. दिवसांच्या आकड्याला दुसऱ्या कुठल्या घड्याळाशी ताडून पाहावं लागतं. ते घड्याळ कधी शैवालाचं असतं, कधी शिंपल्यांचं, कधी सांडपाण्यातल्या जिवाणूंच्या मरण्याचं, कधी प्राणवायू संपण्याचं.

२०२४च्या जुलैमध्ये तिथल्या पाणी नियामक मंडळाने सांडपाणी केंद्रांना आदेश दिला की, २०३४पर्यंत कोरड्या मोसमातला नायट्रोजन ४० टक्क्यांनी घटवा. खर्च अब्जावधी डॉलरांचा आहे आणि तो शेवटी शहरांतल्या घराघरांच्या बिलातून निघणार आहे. गोल्डन गेट बदलता येत नाही, नद्यांचा हंगाम बदलता येत नाही, शिंपल्यांना हुकूम देता येत नाही. हातात राहतो तो नायट्रोजन. आदेशामागच्या अभ्यासात संगणकी प्रारूपं आहेत, आणि प्रारूपांमागे अमेरिकी भूशास्त्रीय सर्वेक्षणाच्या बोटीने १९६८-६९पासून उपसागराच्या कण्यावरून फिरून घेतलेली खारेपणाची, तापमानाची आणि हरितद्रव्याची मोजमापं आहेत. त्यांच्यावाचून प्रारूप तपासणारच कशावर?

पाण्याच्या मुक्कामाचा हाच प्रश्न ठाण्याच्या खाडीला लावून पाहण्यासारखा आहे. तिचं तोंड मुंबई बंदराकडे रुंद उघडतं आणि वर ठाण्यापाशी ती इतकी चिंचोळी होते की, उल्हास नदीशी तिचं नातं एका बारीक वाटेपुरतं उरतं. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर वरून गोडं पाणी फारसं येत नाही. भांडुप आणि घाटकोपरच्या केंद्रांचं सांडपाणी याच खाडीत येतं, पूर्वेला ठाणे-बेलापूरचा औद्योगिक पट्टा आहे. दोन्ही काठांवर खारफुटी आणि मोकळ्या पडणाऱ्या चिखलपाट्या आहेत. २०१५ साली इथे रोहित पक्ष्यांचं अभयारण्य झालं, २०२२ साली ही खाडी आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आली. मुंबईने वरळी आणि वांद्रे इथे सांडपाणी तीन किलोमीटरहून लांब वाहिन्यांनी खुल्या समुद्रात नेलं, कारण तिथे पाणी पसरायला वाव आहे. पूर्वेकडच्या खाडीला तो वाव नाही.

आपली भरती मात्र सॅन फ्रान्सिस्कोहून दांडगी आहे. उधाणाला पाणी चारेक मीटर चढतं-उतरतं, भांगाला जेमतेम दीड मीटर. डोलीचं जाळं लावणाऱ्या कोळ्यांना हा फरक पंचांगासारखा पाठ असतो. उधाणाच्या ओढीवर जाळं फुगतं, भांगात ओढ नसते तर जाळं लावून उपयोग नसतो. याचा अर्थ एकाच पंधरवड्यात खाडीचं धुणं जोरकसही असतं आणि मंदही. सरासरी काढली की हा मंद आठवडा तिच्यात बुडून जातो, आणि खाडीला त्रास होतो तो त्याच आठवड्यात.

१९१६ साली सुरू झालेलं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र पुण्याजवळ खडकवासल्याला आहे. तिथे मुंबई बंदराची सिमेंटची प्रतिकृतीही झाली आणि संगणकी प्रारूपंही झाली. १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात दोना पावलाला काम करते, आणि मांडवी-झुआरीचं पाणी पावसाळ्यात किती झपाट्याने आणि उन्हाळ्यात किती सावकाश बदलतं याचा तिथे कित्येक वर्षं अभ्यास झाला आहे. हुन्नर आपल्याकडे आहे. उणीव असते ती अहवाल वाचणाऱ्यांनी नेमके प्रश्न विचारण्याची. नवा पूल, नवा भराव, नवी वाहिनी यांच्या पर्यावरण अहवालात खाडीचं पाणी ‘इतक्या दिवसांत’ बदलतं असं छापलेलं दिसलं की जनसुनावणीत उभं राहून विचारावं: हा आकडा उधाणाचा की भांगाचा? ऑगस्टचा की मे महिन्याचा? इतक्या दिवसांनी किती टक्के पाणी उरतं? वाशीच्या पुलाखालचा की कोपरीकडच्या चिंचोळ्या टोकाचा? प्रारूप कोणत्या वर्षाच्या कोणत्या मोजमापांवर तपासलं? आणि घारापुरीच्या अलीकडे रेषा मारून तिच्यापलीकडे गेलेला प्रत्येक कण कायमचा वगळला, की पुढच्या भरतीला त्याला परत आत येऊ दिलं?